दोर

पुंता आरेनासमध्ये वारा चढला
की नगरपालिकेची माणसं चौकात दोर बांधतात.
खांबापासून खांबापर्यंत, कमरेच्या उंचीवर.
म्हातारे, शाळेतली पोरं, बँकेतला कारकून,
एका हाताने दोर, दुसऱ्याने टोपी धरून
रस्ता ओलांडतात.
कुणाला त्यात कमीपणा वाटत नाही.

आमचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर.
पाटीवर लिहिलंय बालसंरक्षण.
काम थोडक्यात सांगायचं तर,
वाऱ्यावर सोडलेली मुलं खाली उतरवून घेणं.
खिडक्या दुहेरी काचेच्या.
वारा आत येत नाही, असं मी
अकरा वर्षं धरून चालले होते.

ओयार्सोबाई होत्या तेव्हा
भेटीवरून आलं की विचारायच्या,
‘कोण होतं घरी?’
आणि ऐकायच्या, पावाचा तुकडा तोंडाशी तसाच धरून.
‘चूल पेटलेली होती? कुत्रं बांधलेलं होतं?
आणि तू काय खाल्लंस?’
रागावल्या की भिंतीवरचं कॅलेंडर हलायचं,
माझा एक अहवाल तर त्यांनी सरळ टोपलीत टाकलेला.
थकायचो तेव्हाही.
पण लाकडं फोडून आल्यासारखे,
झोपलं की उतरायचं.

मग सांतियागोहून बाल्देरामा आले.
आवाज मऊ. बूट स्वच्छ.
एकदाही ओरडले नाहीत, हे खरं सांगायला हवं.
त्यांनी फलक लावला, लाल-हिरव्या चुंबकांचा.
किटली तळघरात गेली, विम्याच्या नियमाप्रमाणे.
भेटीवरून आलं की ते विचारतात,
‘किती झाल्या?’

जून महिन्यात यानेत बार्रिआ,
बावीस वर्षं नोकरी झालेली, झेरॉक्सच्या खोलीत रडली.
मशीन चालू ठेवून रडली, ऐकू जाऊ नये म्हणून.
कोरे कागद एकामागून एक बाहेर येत राहिले.
ऐकू आलंच.
वारा येईल तशी पाठ फिरवावी म्हणतात.
आम्ही पाच जणींनी फिरवली,
एकमेकींकडे.
माझ्या चार बाकी होत्या.

त्याच आठवड्यात नदीपलीकडच्या वस्तीत
सात वर्षांच्या एका मुलाने
काड्यापेटी उघडून मला दात दाखवला.
मी लिहिलं : मूल उपस्थित. चौदा मिनिटं.
रात्री अंथरुणात उठून बसले.
दात त्याचा होता,
की धाकट्या बहिणीचा?
बहीण दिसली होती का?
काही केल्या आठवेना.
दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. दात त्याचाच होता, आपसूक पडलेला.
ती भेट फलकावर धरली गेली नाही.

काल नेवेन्का आली पहिल्या भेटीवरून.
नवीन पोरगी, चोवीसची,
गाल वाऱ्याने सोललेले, केसांची गाठ सुटलेली,
काहीतरी सांगायला तोंड उघडलेलं.
मी वर न बघता विचारलं,
‘किती झाल्या?’
इतकं मऊ मी कधीच बोलत नाही.
तिचं तोंड मिटलं.
‘एक,’ म्हणाली, आणि खुर्चीवर कोट ठेवून
त्याची घडी घालत बसली. कोटाची घडी कोण घालतं?

मी तळघरात गेले.
किटली रंगाच्या डब्यांमागे होती, तळाला पांढरा थर.
वर आणली, घासली, लावली.
यानेतने एकदा बंद दाराकडे पाहिलं,
मग न बोलता कप काढले, तीन.
‘कोण होतं घरी?’ मी विचारलं.
नेवेन्काने बराच वेळ कपच हातात फिरवला.
मग सुरुवात केली ती थेट कुत्र्यापासून :
तपकिरी, एक कान नसलेलं,
दाराशी आडवं पडलेलं, कुणालाच आत जाऊ देईना.

खाली चौकात माणसं दोर बांधत होती.
फलकावर माझे चार लाल
होते तिथेच होते.