गो, वेंट, गॉन

सातवीत विचारलं होतं मी,
सर, गो-चं वेंट कसं होतं?
ग कुठं गेला? व कुठून आला?
वाघचौरे सरांनी दोन छड्या दिल्या
आणि वर्गानं पुन्हा सूर धरला:
गो, वेंट, गॉन.

परवा भद्रकालीत, रद्दीच्या काट्यावर
एक शब्दकोश चढलेला दिसला,
पुठ्ठा उसवलेला, सव्वादोन किलो.
झेरॉक्सच्या दुकानात गिऱ्हाईक नसताना उघडला,
तर आत ते म्हातारं क्रियापद: वेंड.
म्हणजे वळणं.
वळत वळत वाट धरणं.
वेंट हा त्याचा भूतकाळ, पोटचा.
गो-ला आपला असा धड भूतकाळ नव्हता,
त्यानं शेजाऱ्याचा मागून नेला
आणि परत केला नाही.
वेंडनं मग नवा शिवून घेतला,
पण तो काही अंगाला बसला नाही.

पान दुमडलं, शटर अर्धं ओढलं,
सरांचं घर गाठलं.
सून म्हणाली, "सर गेले."
हातातले सव्वादोन किलो एकदम जड झाले.
"गंगेवर. येताना मेथी आणतील."

रामकुंडाशी, जिथं नदी
दक्षिणेकडे अंग फिरवते,
तिथं पायरीवर बसले होते सर,
पिशवीतून मेथी डोकावत.
भिंग धरून सगळी नोंद वाचली, ओठ हलवत.
"तेव्हा मारलं होतं का रे मी?"
"दोन."
"मलाच ठाऊक नव्हतं. म्हणून."

पलीकडे एक बाई गोधडी आपटत होती.
सरांनी वर्गातल्यासारखं बोट वर केलं.
"आणि आपलं? आज मी जातो. काल मी?"
"गेलो," म्हणालो, आणि तिथंच अडकलो.
ज कुठं गेला?
ग कुठून आला?

"नात म्हणते, मांजर जालं.
सगळे हसतात तिला.
दोन परके धातू, एका संसारात.
जन्मभर बोलतोय,
छडी कुणी मारली नाही."

समोर नदी. नाव गोदावरी,
गावात सगळे म्हणतात गंगा.
तेही मागून आणलेलं,
परत न केलेलं.

गुडघ्यावर हात देऊन सर उठले.
"येतो," म्हणाले,
आणि मेथीसकट
पुलाकडे वळले.