कोपर

भावाच्या भिंतीवर बॅट उंचावलेले तिघं.
माझ्याकडे पेपरातलं एकच कात्रण:
खांब, धूळ, आणि चौकटीबाहेर निसटणारं
मंदाकिनी खळदकरचं कोपर.
कोण गं ही, विचारायचे सगळे.
कोपर दाखवून काय सांगणार?

भवानी पेठेतलं मैदान. खो-खोची फायनल.
कंपाउंडवर आम्ही पोरी, बुडाखाली तापलेला दगड.
ती पळत होती, दोन मिनिटं, मग तीन,
बसलेल्या पाठींमधून अशी सुटायची
की मागचीच्या मुठीत नुसता वारा.
आणि एकदम थांबली.
शिट्टी वाजलीच नव्हती. पंच म्हणाले, खेळा.
"लागलाय हात," ती म्हणाली. "बोटं लागली."

एका गुणानं हरलो.
सर आठवडाभर बोलले नाहीत तिच्याशी.
येडीच आहे, बाबा म्हणाले, भाकरी मोडत.
मी रात्री अंथरुणात स्वतःच्या पाठीला
हात लावून बघत राहिले,
बोटं लागतात म्हणजे कितीशी लागतात.

परवा स्वारगेटला कात्रजची बस.
कंडक्टर बाई. केस पिकलेले, कोपर तेच.
केवढं बोलायचं होतं.
"एक कात्रज," म्हणाले.
तिनं सुटे मोजले, परत मोजले,
मग पुढं बघून हाक मारली,
"ओ दादा, मगाशी दोन रुपये कमी दिले तुम्हाला!"
दादाच्या कानात गाणी.
तेवढ्यात वळण आलं, आम्ही सगळ्यांनी दांड्या धरल्या.
ती निघाली पुढं,
मुठीत दोन रुपये,
काहीही न धरता.