पाटी

दाराशी पाटी आहे. रंगारी घाईत होता,
'मधुमेह'मधला धु दोनदा काढून गेला.
बीपी, शुगर, वाफ, टाके घालणे, टाके काढणे,
बिडीवाल्या बायांना निम्मी फी.
एवढं सगळं इथं मिळतं.

गुपित तेवढं मिळत नाही.
निम्मे पेशंट यंत्रमागावरचे,
तीस वर्षं खडखडाटात उभे राहून
कान तिथंच ठेवून आलेले.
म्हणून डॉक्टरीणबाई ओरडतात,
"झोप लागते का?"
आणि बाहेर बाकावरून रत्नव्वा उत्तर देते,
"कुठली लागते! गल्लीभर फिरतोय की रात्री!"
हसतात सगळे. मी पुड्या बांधतो.

आतल्या कपाटात दुसरी पाटी आहे,
दगडी, कोपरा फुटलेली, बाईंच्या मुलीची.
ती बाहेर निघाली की
पंखासुद्धा ऐकू येतो.

मंगळवारी नरसय्या यलदींचा एक्स-रे आला.
बाईंनी तो खिडकीकडे धरला,
मग खडू घेतला,
तेलुगूत लिहिल्या दोन ओळी.
इथं येऊन शिकल्या त्या, अक्षर अजून पहिलीतलं.
नरसय्यानं वाचलं. चष्मा पुसला. पुन्हा वाचलं.
खडू मागून घेऊन खाली एकच शब्द लिहिला.
बाईंनी मान हलवली,
हो की नाही, मला दिसलं नाही.

पाटी पुसायचं काम माझं.
तेलुगू मला बोलण्यापुरतं येतं,
वाचता येत नाही.
ओलं फडकं हातात घेऊन उभा होतो,
तर बाकावरून रत्नव्वा,
पहिल्यांदाच हळू,
"पूस की आता."