कुन-म्वीचे पाय

नकाशा नव्हताच कुणाकडे.
सरकारी कागदावर शाकपान म्हणजे
खाडीकाठचा एक हिरवा डाग,
खाली बारीक अक्षरांत: ओसाड.

होडी फक्त रविवारी. त्या होडीतून आम्ही सात जण.
शहरातली चार पोरं, कोरे गमबूट घातलेली.
फान सियु-लुंग, निवृत्त गवंडी,
भिंतीला आधी टकटक करून विचारणारा.
मी, प्रेस्टनहून आलेला,
तीस वर्षं बटाटे तळलेल्या बापाचा मुलगा,
ज्याला हाक्का बोलीत येतात
दोन शिव्या आणि 'जेवलास का'.

आणि कुन-म्वी. वय चौऱ्याऐंशी.
काळ्या झालरीची टोपी, पिशवीत विळा, स्वतःचा.
मागून आणलेल्या विळ्याने बोट कापतं, म्हणाली.

घरं सदतीस. छपरं अकरा.
तिसऱ्या ओळीतल्या आमच्या घरात
एक वड राहायला आलेला.
लुंगने मुळांवरून हात फिरवला:
झाड काढलं तर भिंत पडेल,
भिंत काढली तर झाड.
राहू दे. भाडं मागू नकोस.

हाक्का म्हणजे पाहुणे.
कधीतरी उत्तरेकडून आलेल्यांना
शेजाऱ्यांनी ठेवलेलं नाव.
तिसऱ्या दिवशी पाहुण्याची अक्कल काढतात,
आम्ही तीनशे वर्षं राहिलो.
मग एकेक करून उठलो,
पानावरून उठावं तसे, हात न धुता.

भात लावायचं ठरलं. पण पाणी?
डोंगरातला झरा जिवंत होता,
फक्त त्याला आता गावाची वाट ठाऊक नव्हती.
पाट कुठून यायचा, हे सांगायला उरलं होतं कोण?
रानडुकरं. कोळी.

कुन-म्वीने चपला काढल्या.
वाकली नाही, शोधलं नाही काही,
नुसती चालायला लागली,
सोळाव्या वर्षी कावड घेऊन चालायची तशी,
डावा खांदा अजून थोडा खालीच.
झुडपांत शिरली. बडबड चालू:
इथे दगड. इथे वळण.
इथे म्हैस बसायची, बसली की बसली.
इथे सासूशी भांडले.
इथेही.
पोरं मागून बांबूच्या काटक्या रोवत गेली.
अंधार पडताना वरून पाहिलं तर
काटक्यांची एक रेघ डोंगर उतरत होती,
सासू जिथे जिथे चिडली तिथे थोडी वाकडी.

खणायला दोन महिने.
पाणी आलं मंगळवारी,
गढूळ, पानं आणि एक बेडूक घेऊन,
आणि अर्ध्यात थांबलं.
लुंग शिव्या घालू लागला.
त्यातल्या दोन मला कळल्या.
मग आलं.

सगळंच आलं असं नाही.
एका घराचे वारस एकवीस, चार देशांत,
वीस सह्या मिळाल्या.
रॉटरडॅमचा एक जण उत्तरच देत नाही.
त्या घराला आम्ही हात लावत नाही,
दारातलं गवत तेवढं कापतो,
उद्या आलाच तर त्याला उंबरठा दिसावा.

पहिलं पीक डुकरांनी खाल्लं.
उरलं एक पातेलंभर.
पूर्वजांच्या दालनात, नव्या कौलांखाली,
भाड्याच्या होड्यांनी आलेली बासष्ट माणसं,
प्रत्येकाला एक चमचा.
आणि तो चमचा तोंडात असतानाच
जो तो दुसऱ्याला विचारत होता: जेवलास का?

कुन-म्वी मुक्कामाला राहत नाही.
तिच्या गोळ्या, तिचा पलंग, तिची नात
शहरात तेविसाव्या मजल्यावर.
संध्याकाळच्या होडीआधी
आमच्या घरात आली,
वडाच्या दोन मुळांत विळा अडकवला.
हात लावायचा नाही, म्हणाली.
धार मी येऊन लावेन.