बारा पंचवीस

निवडणूक हरल्यावर सातव्या दिवशी
खजुरी बाजारात, वह्यांच्या दुकानावरच्या खोलीत
आमचा शपथविधी झाला.
राज्यपाल नव्हते. संविधानाची प्रत होती,
पंख्यानं पानं उडतात म्हणून
तिच्यावर कुणीतरी स्टेपलर ठेवला होता.

सोडाणींना अर्थ मिळालं, ते जन्मभर
दुसऱ्यांचे आयकर भरत आलेले.
शाकीर नागोरींना गृह;
त्यांच्या स्वतःच्या घराचा दावा एकोणीस वर्षं कोर्टात.
धन्नालालजी शेती घेईनात,
म्हणाले, ती आहेच की माझ्याकडे, दुसरं काही द्या.
त्यांना शिक्षण दिलं.
आणि मला पाणी.
"रेगेबाई, तुम्ही पाण्यातच होतात ना?"
होते. बत्तीस वर्षं, कनिष्ठ अभियंता.

घरी सांगितलं, छाया मंत्रिमंडळात घेतलंय.
भाऊ म्हणाला, ही छाया कोण?

गाडी नाही, शिपाई नाही,
खुर्च्या सहा आणि मंत्री अकरा.
फायली मात्र खऱ्या,
माहितीच्या अधिकारात
पानाला दोन रुपये मोजून आणलेल्या.
जलूदहून नर्मदा घाट चढून येते,
सत्तर किलोमीटर, विजेच्या खांद्यावर बसून,
आणि वाटेत कुठं कुठं गळते
ते मी रात्र रात्र मांडत बसले.
तक्त्यावर जीरावनाचा डाग आहे.
अंधारातसुद्धा वासानं सापडतो.

मार्चमध्ये, रात्री साडेअकराला फोन आला.
खरे मंत्री.
आधी तब्येत, मग माझे गुडघे, मग
"ताई, उद्या प्रश्न लागलाय.
तीन अधिकारी तीन आकडे सांगतायत.
तुमच्याकडे असेल."
होता.
नाही म्हणता आलं असतं.
पण पाण्याचं कुणी विचारलं की
हात आधी फायलीकडे जातो,
पक्ष मागून येतो.
त्यांनी दोनदा विचारून लिहून घेतला.
"हे आपल्यातच," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी भोपाळात ते उभे राहिले.
माझा आकडा त्यांच्या आवाजात
फार भारदस्त वाटला.
बाकं वाजली.
वाजत असतानाच मला दिसलं,
हातचा एक मी धरलाच नव्हता.

संध्याकाळी पत्रक काढलं, माझ्या सहीचं:
मंत्रिमहोदयांचा आकडा चुकीचा आहे.
या सरकारला साधी बेरीज येत नाही.
पहिलं वाक्य खरं होतं.
सगळ्यांनी पाठ थोपटली, सोडाणींनी कचोऱ्या मागवल्या.
मी एक खाल्ली.
फोन पुन्हा आला नाही. कधीकधी
साडेअकराला मी जागी असते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात
सूर्य एक दिवस इंदूरच्या बरोबर टाळूवर येतो.
धन्नालालजींच्या शिक्षण खात्याचा हा पहिला कार्यक्रम:
गच्चीवर गल्लीतली आठ मुलं,
मधोमध स्टीलचा पेला, आणि भोवती आम्ही,
जवळजवळ पूर्ण मंत्रिमंडळ.
बारा वाजून पंचवीस मिनिटांनी
पेल्याची सावली संपली.
मुलं ओरडली, गेली, गेली!
आम्ही आपापल्या चपलांभोवती बघू लागलो.
नागोरी म्हणाले, "घ्या. सरकार तसंच आहे,
आपणच पडलो."

एका मुलीनं न विचारता पेला उचलला.
खाली काळा गोल निघाला,
पेल्याएवढाच,
इतका वेळ त्याच्या बुडाखाली दबून बसलेला.
तिनं त्यावर बोट ठेवलं, मग पेल्यात डोकावली,
आणि माझ्याकडे बघून म्हणाली,
"पर इसमें पानी क्यों नहीं है?"

उत्तर तयार होतं माझ्याकडे, चार पानांचं.
तेवढ्यात खालून हाक आली, टँकर आलाय.
कुणाच्या राज्यातला ते न विचारता
शिक्षण आणि गृह बादल्या घेऊन जिना उतरले.
मी कठड्यावरून रांग मोजली:
टँकर पाच हजार लिटरचा, घरं सत्तेचाळीस.
भागाकार बोटांवर केला,
पुन्हा केला,
या वेळी हातचा धरून.