केळीची नवरी

सप्तमीच्या आदल्या दुपारी बाबा रावेरची एसटी धरायचे.
दसऱ्याच्या तोंडावर जळगावच्या सराफ बाजारात
कारागिराला सुटी नसते,
शेटजींकडून मागून घेतलेली असायची अर्धीच;
आणि नखांत, कितीही घासली तरी,
दुसऱ्यांच्या मंगळसूत्रांचा पिवळा कीस.

पहिल्या वर्षी बांधावर उभं राहून ते म्हणाले,
कोला बोउ पाहिजे.
टोपलू झोपेंनी काठी उचलली:
"कोल्हा? कुठी रे भो?"
मी आठ वर्षांची, दुभाषी.
म्हटलं, काका, कोल्हा नाही, केळ.
केळीचं पोर. त्याला आम्ही साडी नेसवतो,
पाण्यात आंघोळ घालतो,
आणि गणपतीशेजारी उभं करतो.
"म्हंजे गनपतीचं लगन?"
तसंच काहीतरी, म्हटलं.
खरं काय ते मला तरी कुठं ठाऊक होतं.

झोपे घडांनी मोजणारे गृहस्थ.
कुठली बाग कधी निसवेल,
ट्रक किती भरेल, भाव किती पडेल,
सगळं बोटांच्या पेरांवर.
तरी ओळींमधून तीनदा फिरले,
एकही पान न फाटलेलं पील निवडलं,
मुळांना माती ठेवून उपटलं.
बाबांनी पाकीट काढलं तर रागावले.
"पोरीचे पैसे घेते का कोनी?"

परतीला कंडक्टरनं विचारलं, आणि हिचं?
बाबांनी अर्धं तिकीट काढलं. गंभीरपणे.

पहाटे मेहरूणच्या काठावर ढाक नसायचा.
भुसावळहून बोलावलेला संबळवाला
बाबांच्या तोंडाकडे बघत ठेका शोधायचा,
बाबा जिभेनं, टाळूनं वाजवून दाखवायचे,
मधेच ठसका लागायचा.
जे वाजायचं ते दासपूरला कुणी ओळखलं नसतं.
मला अजून ढाक म्हणजे तोच.

आईनं लाल काठाची पांढरी साडी नेसवली
तशा गल्लीतल्या इंदूबाई भंगाळे पुढे झाल्या.
सवाष्णीला पांढरं नेसवतेस, बाई?
आईला शब्द सापडेना. तिनं काठ दाखवला,
मग मनगटावरचे शंखाचे चुडे.
इंदूबाई काही न बोलता घरी गेल्या,
डझनभर हिरव्या बांगड्या घेऊन आल्या.
आता केळीला हात कुठून आणायचे?
शेवटी देठाला दोऱ्यानं बांधल्या.
चार दिवस, वारा आला की किणकिण.
भटजी आमचेच होते, खरगपूरचे. त्यांनी पाहिलं,
चष्मा पुसला, मंत्र पुढे चालू ठेवला.

शाळेत सामंत आडनाव वाचून
बाई दरवर्षी विचारायच्या, कोकणातले का?
दोनदा मी हो म्हटलं.

लग्नानंतरच्या वर्षी पूजेला दासपूरला गेले.
चुलत बहिणी हसत होत्या माझ्या बोलण्याला,
मोशाय म्हणताना माझा श कुठं तरी अडतो म्हणे.
मंडपात खरी मूर्ती, खरे ढाकी, धुनोचा धूर,
डोळ्यांत पाणी, ते धुरानं असेल.
कोपऱ्यात ती उभी होती, डोक्यावरून पदर ओढून,
आमच्या रावेरच्या मानानं किरकोळच.
मी वाकून बघितलं, आणि एकदम मोठ्यानं,
मराठीत, विचारलं:
हिच्या बांगड्या कुठायत?

कुणालाच कळलं नाही.
मलाही कळायला परतीची अर्धी गाडी लागली.

यंदा झोपेंच्या नातवाचा फोन आला.
ताई, आता टिश्यू कल्चर आहे, सगळ्या एकसारख्या,
पण आजोबांनी काठीनं एक दाखवलीय.
कधी येता न्यायला?
मीच गेले. रात्री अंगणात टेकवून ठेवली.
बाबांना आता दिसत नाही.
पानावरून अंगठा फिरवला त्यांनी,
कसोटीवर घासतात तसा, हळू, एकाच दिशेनं.
चोख आहे, म्हणाले.
मग थोड्या वेळानं:
तिकीट काढलंस ना हिचं?