सातवी स्लाइड

रुवीत, लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर
दर सोमवारी मगरिबनंतर माझा वर्ग भरतो.
खालून इस्त्रीची वाफ येते, वरून एसीचं पाणी ठिबकतं,
आणि मधे मी, मिस्टर उदगीर
(शेवटचा 'कर' उच्चारायचा सगळ्यांनाच कंटाळा),
ग्राहक म्हणजे काय ते सांगत उभा.

दिवसा मी तेच विकतो जे रात्री शिकवतो.
दिवसा चुकलो तर बिल अडतं,
रात्री चुकलो तर कुणीतरी ते वहीत उतरवून घेतं.

दर सहा महिन्यांनी दहा-बारा स्लाइड मरतात.
मी त्या पुरत नाही, 'जुनं' नावाच्या फोल्डरात ठेवतो.
तिथे फॅक्सने पाठवायचं पत्रक आहे,
सीबच्या रस्त्यावरल्या होर्डिंगचे दर आहेत, रियालमध्ये,
आणि एक अख्खं प्रकरण, ज्याला एकदा टाळ्या पडल्या होत्या.

यंदा यंत्र आलं.
मी तीन आठवडे जागून जे लिहायचो
ते त्याने जोबीशच्या मोबाइलवर
चहा ओतेपर्यंत लिहिलं. बरं लिहिलं.
मी म्हणालो, एक विशेषण जास्त आहे.
जोबीशने सांगितलं, त्याने तेही काढलं.

सातवी स्लाइड मात्र अकरा वर्षं टिकली.
तिच्यावर मरियम आहे. वय चौतीस, दोन मुलं,
मोठी गाडी, शुक्रवारी समुद्र,
भाव करत नाही, रंग बघते.
मरियम मीच घडवली, एका ज्यूसच्या कंपनीसाठी,
एका रात्रीत.
पुढे तिलाच डायपर विकले, विमा विकला, खजुराची बिस्किटं.
बोलणाऱ्याची बोरं विकतात म्हणे;
मी तर ऐकणारीसुद्धा घरीच तयार केली.

परवा मागच्या बाकावरून झुवैना म्हणाली,
'सर, मी चौतीसची. मुलं दोन.
गाडी दिराची. शुक्रवारी मी
निझवाला जाऊन आईच्या गुडघ्यांना तेल लावते.
आणि भाव? भाव मी समोरचा रडेस्तोवर करते.'
वर्ग हसला. अकरा वर्षं गिऱ्हाईक शिकवलं,
त्या संध्याकाळी माझंच झालं.
मी म्हणालो, पुढची स्लाइड.
ती मी सकाळीच काढून टाकली होती.
पांढऱ्या पडद्यावर माझं डोकं तेवढं दिसत राहिलं, काळं.

रात्री पार्किंगमध्ये, गाडी थंड होईस्तोवर
मोबाइल उघडला. जाहिरात, चक्क मराठीत:
'परदेशात आहात? आईची काळजि आम्ही घेऊ.
महिन्यातून दोनदा रक्तदाब, फोटोसकट.'

ती माझ्यापर्यंत कशी आली हे मला पाठ आहे.
वय, गाव, तीन तारखेला जाणारे पैसे,
कधीतरी रात्री दोन वाजता शोधलेलं बीपीचं मशीन.
कुणाच्या तरी सातव्या स्लाइडवर मी आहे.
फक्त आईला जाऊन दोन वर्षं झाली
तो रकाना कुणी भरलेला नाही.
मीही नाही.

कोपऱ्यात बारीक फुली होती.
मी 'काळजि'ची वेलांटी मनातल्या मनात दीर्घ केली
आणि जाहिरात शेवटपर्यंत पाहिली.